‘बा बा ब्लॅक शीप’ पाठ झालं, म्हणजे मूल इंग्रजी शिकलं का?

साडेतीन-चार वर्षांचं मूल ‘बा बा ब्लॅक शीप’ सुरात, हातवारे करत, एकही शब्द न गाळता म्हणून दाखवतं. ऐकणारे टाळ्या वाजवतात. मग कुणीतरी सहज विचारतं, “शीप म्हणजे काय रे?” आणि मूल गप्प. ‘वूल’ विचारलं तरी तेच. ‘डेम’ म्हणजे काय, हे तर विचारणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. इथे पालकांचे दोन तट पडतात. काहींना वाटतं, इंग्रजीची सुरुवात झकास झाली. काहींना वाटतं, ही निव्वळ पोपटपंची, याला शिकणं म्हणत नाहीत.

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून हा गोंधळ सुटत नाही. माझं म्हणणं असं: बडबडगीत मुलाला आधी इंग्रजी ऐकायला शिकवतं. शब्द आणि वाक्यं त्यानंतर येतात, आणि तीही आपसूक येत नाहीत. त्यासाठी घरातल्या किंवा वर्गातल्या मोठ्या माणसाला मुलाबरोबर त्या गाण्यात शिरावं लागतं. हे कसं घडतं, ते याच एका गाण्याच्या आधाराने पाहू. ओळी सगळ्यांना पाठ असतील, तरी समोर असलेल्या बऱ्या:

बा बा ब्लॅक शीप, हॅव यू एनी वूल?
येस सर, येस सर, थ्री बॅग्ज फुल.
वन फॉर द मास्टर, वन फॉर द डेम,
अँड वन फॉर द लिटल बॉय हू लिव्ज डाउन द लेन.

काळ्या मेंढीला कुणी विचारतं, तुझ्याकडे लोकर आहे का? ती म्हणते, हो, तीन पोती भरून आहे. एक धन्याला, एक धनिणीला आणि एक गल्लीत राहणाऱ्या लहान मुलाला. बस, एवढीच गोष्ट. हे गाणं लंडनमध्ये १७४४च्या सुमारास निघालेल्या ‘टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक’ या छोट्याशा पुस्तकात छापलेलं आहे. आज उपलब्ध असलेल्या इंग्रजी बालगीतांच्या संग्रहांत ते सर्वांत जुनं मानलं जातं. चाल मात्र फ्रेंच आहे, अठराव्या शतकातली. तीच चाल ‘ट्विंकल ट्विंकल’ची, आणि ए-बी-सी-डीच्या गाण्याचीही तीच. मोझार्टने याच चालीवर पियानोसाठी बारा रूपं रचली. म्हणजे मुलाला ही एक चाल आली की तीन गाण्यांचा रस्ता खुला होतो.

चार ओळी, चार ठोके

आता एक प्रयोग करा, वाचता वाचताच. गाणं म्हणताना मांडीवर ठेका धरा. पहिल्या ओळीत ठोके पडतात ते ‘बा’, ‘ब्लॅक’, ‘हॅव’ आणि ‘वूल’वर. दुसरीत ‘येस’, ‘येस’, ‘थ्री’, ‘फुल’वर. तिसरीत ‘वन’, ‘मास्टर’मधला ‘मास’, पुन्हा ‘वन’ आणि ‘डेम’. चौथीत ‘वन’, ‘लिटल’मधला ‘लि’, ‘लिव्ज’ आणि ‘लेन’. प्रत्येक ओळीत बरोबर चार.

आता ओळींची लांबी बघा. एका झटक्यात तोंडातून निघणाऱ्या आवाजाला आपण तुकडा म्हणू: ‘ब्लॅक’ हा एक तुकडा, ‘लि-टल’ हे दोन. दुसऱ्या ओळीत असे सात तुकडे आहेत, चौथीत बारा. तरीही दोन्ही ओळींना वेळ सारखाच लागतो. हे कसं जमतं? चौथ्या ओळीतले ‘अँड’, ‘फॉर’, ‘द’, ‘हू’ हे शब्द अंग चोरून घेतात म्हणून. ठोके म्हणजे समान अंतरावर रोवलेले खांब आणि दोन खांबांच्या मध्ये एक बाक, असं समजा. बाकावर एकटा बसला तर ऐसपैस बसतो. तिघे आले तर दाटीवाटीने बसतात, पण खांब काही हलत नाहीत.

बोलण्यातल्या इंग्रजीची चाल अशी असते. शब्दातल्या ज्या तुकड्यावर जोर पडतो, त्या जोराला भाषाशास्त्रात आघात म्हणतात. आघात साधारण ठरावीक वेळाने येतात आणि मधले तुकडे गरजेप्रमाणे दाबले जातात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली या दृष्टीने भाषांचे दोन प्रकार सांगितले: आघातांच्या तालावर चालणाऱ्या आणि तुकड्यांच्या तालावर चालणाऱ्या. पुढे यंत्रांनी मोजमाप झालं तेव्हा ही विभागणी वाटली तितकी काटेकोर निघाली नाही. पण कानाला जाणवणारा फरक खरा आहे. मराठीत प्रत्येक तुकड्याला त्याचा वाटा मिळतो, इंग्रजीत काही तुकड्यांच्या वाट्याला जेमतेम जागा येते.

शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकलेल्या, उत्तम लिहिणाऱ्या माणसाला इंग्रजी सिनेमा ऐकून का कळत नाही, याचं एक मोठं कारण इथे आहे. त्याने ‘फॉर’, ‘अँड’, ‘ऑफ’ हे शब्द पुस्तकात पूर्ण अंगाने पाहिलेले असतात. बोलण्यात ते दाबून येतात, तेव्हा ते त्याला ओळखू येत नाहीत. गाण्यातून इंग्रजी भेटलेल्या मुलाला ते आधी दाबलेल्या रूपातच भेटतात. म्हणूनच हे गाणं शिकवताना एक-एक शब्द सुटा करून, “वन… फॉर… द… मास्टर” असं म्हणून घेऊ नये, असं मला फार वाटतं. तसं केलं की शब्द राहतात आणि ताल जातो. या वयात मुलाला सर्वांत सहज मिळू शकणारी गोष्ट म्हणजे तो तालच.

‘वूल’ आणि ‘फुल’चं यमक

गाण्याची दुसरी देणगी आणखी बारीक आहे. ‘वूल’ला आपण दीर्घ ऊकार देतो, कारण इंग्रजी लिखाणात तिथे दोन ‘ओ’ दिसतात. ‘फुल’ला मात्र ऱ्हस्व. इंग्रजीत या दोन्ही शब्दांतला स्वर एकच आहे, आणि तो आखूड आहे. म्हणजे खरा उच्चार ‘वुल’च्या जवळचा. ‘पुल’ आणि ‘बुल’सुद्धा याच कुटुंबातले. ‘पूल’, ‘कूल’, ‘स्कूल’ हे वेगळं कुटुंब, तिथला स्वर खरोखर लांब. लिखाणात ‘वुल’ आणि ‘पूल’ जुळे भाऊ दिसतात, कानाला मात्र वेगळे. वाचता न येणाऱ्या मुलाला ही अडचण येतच नाही. त्याच्यासाठी ‘वुल’ आणि ‘फुल’ जुळतात, कारण गाण्यात ते जुळलेले आहेत.

शब्दांचा अर्थ बाजूला ठेवून त्यांच्या आवाजाकडे लक्ष जाणं, दोन शब्द शेवटी सारखे वाजतात किंवा सारखे सुरू होतात हे कळणं, या जाणिवेला ध्वनिभान म्हणू. इंग्रजी वाचायला शिकताना हे ध्वनिभान फार उपयोगी पडतं. पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखता येत होता, ती पुढे वाचनात सरस ठरली. त्यांच्या गटाने १९८९ साली आणखी एक दुवा दाखवला: तीन वर्षांच्या वयात ज्यांना बालगीतं जास्त येत होती, त्यांचं ध्वनिभान आणि पुढचं वाचन चांगलं होतं. ही मुलं घरी इंग्रजीच बोलणारी होती, हे विसरू नये. शिवाय बालगीतं येणारी मुलं ज्या घरांत वाढतात, तिथे मुलांशी गप्पाही भरपूर होत असणार. म्हणून ‘गाणं शिकवा, वाचन आपोआप येईल’ असा सरळ अर्थ काढता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे, आणि १९८३च्या त्याच अभ्यासात अक्षरांची जोड देऊन आवाजांचा सराव केलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत तर गंमतच आहे. ‘डेम’ आणि ‘लेन’ हे पुरतं यमक नाही. स्वर जुळतो, शेवटचा ‘म’ आणि ‘न’ जुळत नाही. पाचेक वर्षांच्या मुलाला “हे दोन शब्द शेवटी अगदी सारखे वाजतात का?” असं विचारून पाहा. ओठ मिटले की ‘म’, जीभ वर टेकली की ‘न’, हे ते स्वतः तोंडाने करून पाहील. ध्वनिभानाचा याहून चांगला धडा मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

अर्थ कळत नाही, मग ही घोकंपट्टी नाही का?

हा आक्षेप सर्वांत जोरदार आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. मूल ‘थ्रीबॅग्जफुल’ हा एकच लांबलचक शब्द समजत असतं, हे खरं आहे. पण दुसरी भाषा शिकणारी मुलं सुरुवात बहुतेकदा अशीच करतात. लिली वाँग फिलमोर यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या पाच स्पॅनिशभाषक मुलांचा अभ्यास केला. ती मुलं ऐकलेली वाक्यं अखंड उचलत, खेळात वापरत, आणि वापरता वापरता ती वाक्यं सुटी होत जात. एक शब्द बदलून नवं वाक्य तयार होई. अखंड पाठ झालेला तुकडा हा कच्चा माल असतो.

घोकंपट्टी कधी होते? तो तुकडा कधीच फोडला गेला नाही, तर. गाणं पाहुण्यांपुढे म्हणून दाखवण्यापुरतंच राहिलं, तर दुसऱ्या तटाच्या पालकांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरतं. तेव्हा प्रश्न उरतो तो फोडायचं कसं, एवढाच.

गाणं फोडण्याची रीत

आधी काही दिवस फक्त ऐकू द्या आणि ठेका धरा. मुलाने म्हटलंच पाहिजे असा आग्रह नको. नवी भाषा कानावर पडू लागल्यावर काही मुलं बराच काळ बोलत नाहीत, पण आत साठवत असतात.

मग शेवटचा शब्द गाळा. तुम्ही “येस सर, येस सर, थ्री बॅग्ज…” म्हणून थांबा आणि मुलाच्या तोंडाकडे पाहा. ‘फुल’ त्याच्याकडून येतो. ज्या क्षणी मूल तो एक शब्द सुटा म्हणतं, त्या क्षणी अखंड ओळीला पहिला सांधा पडतो. पुढे ‘वूल’ गाळा, मग मधला ‘थ्री’ गाळून पाहा. मधला शब्द भरणं अवघड जातं, त्याला वेळ द्या.

यानंतर गाण्याचं नाटक करा, कारण हे गाणं मुळात संभाषण आहे. कुणी विचारतो, मेंढी उत्तर देते. तीन पिशव्या खरोखरच्या घ्या, त्यात कापूस किंवा लोकरीचे गुंडे भरा. मूल मेंढी, तुम्ही विचारणारे. “वन फॉर द मास्टर” म्हणताना पिशवी खरोखर कुणाच्या तरी हातात गेली पाहिजे. ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ हे वेगळं समजावायची गरजच पडत नाही, पिशवी कुणासाठी आहे ते मुलाला दिसतं. शब्दाला कृतीची जोड देऊन भाषा शिकवण्याची पद्धत जेम्स अॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडली, ती आजही लहान मुलांच्या वर्गात चांगली चालते.

आणि शेवटी शब्द बदला. ‘ब्लॅक’च्या जागी ‘रेड’, ‘बिग’, ‘स्लीपी’. ‘थ्री’च्या जागी ‘फाइव्ह’. ‘मास्टर’च्या जागी घरातल्यांची नावं. पिशवीत लोकरीऐवजी चेंडू भरा आणि विचारा. पहिल्यांदा स्वतःहून ‘फोर बॅग्ज’ म्हणणाऱ्या मुलाला अनेकवचनाचा नियम सांगता येणार नाही, पण तो त्याच्या तोंडात बसलेला असतो.

इंग्लंडमध्ये २००६ साली ऑक्सफर्डशर भागातल्या काही बालवर्गांत ‘ब्लॅक शीप’ऐवजी ‘रेनबो शीप’ म्हटलं जातं म्हणून वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. काळ्या रंगाच्या उल्लेखाने कुणी दुखावेल म्हणून हा बदल केला, असा आरोप होता. मुलांना नवे शब्द मिळावेत म्हणून ती वेगवेगळी विशेषणं घालून गातात, असं ते वर्ग चालवणाऱ्यांचं म्हणणं होतं. या गाण्याचा गुलामगिरीशी संबंध जोडणारा कुठलाही पुरावा नाही. मध्ययुगीन लोकरीवरच्या कराची जी गोष्ट सांगतात, तिलाही ठोस आधार नाही. विशेषण बदलण्याची युक्ती मात्र शिकवण्याच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

जुनी इंग्रजी शिकवून काय फायदा?

‘हॅव यू एनी वूल?’ असं आज सहसा कुणी विचारत नाही, ‘डू यू हॅव एनी वूल?’ असं विचारतात. ‘डेम’ या अर्थाने वापरातून गेला आहे. हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्यावर तोडगा सोपा आहे. गाण्यात गाण्याचे शब्द ठेवा, खेळात आजचे. पिशव्यांचा खेळ खेळताना “डू यू हॅव एनी बॉल्स?” असंच विचारा. मुलं दोन्ही सांभाळतात. आपल्या बडबडगीतांतले आणि ओव्यांतले कितीतरी शब्द आज कुणी बोलत नाही, म्हणून मुलांचं मराठी जुनाट होत नाही.

आमचेच उच्चार चुकीचे असतील तर?

ही भीती अनेक आईवडिलांना गप्प बसवते, म्हणून इथे थोडं थांबतो. पहिल्याच ओळीत ‘हॅव’चा शेवटचा आवाज खालच्या ओठाला वरचे दात लावून येतो, आणि ‘वूल’चा पहिला आवाज ओठांचा चंबू करून. मराठीत दोन्हींना एकच ‘व’. ‘थ्री’तला ‘थ’ही आपल्या ‘थ’सारखा नाही, जीभ दातांच्या मध्ये येते. मोठ्यांना हे फरक ऐकू येणंच कठीण जातं, आणि त्याला कारण आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळतो, पण वर्षाची होता होता बहुतेकांना तो कळेनासा होतो. आपल्याला ‘त’ आणि ‘ट’ यांत गल्लत करणं अशक्य वाटतं, त्यांच्या मोठ्यांना ते दोन्ही एकच वाटतात. आपलं इंग्रजीच्या दोन ‘व’बाबत तेच होतं.

मग ज्याला फरक येत नाही त्याने गाऊच नये का? जरूर गावं. चांगल्या आवाजातलं ध्वनिमुद्रण मुलाच्या कानावर पडू द्या आणि तुम्हीही बिनधास्त म्हणा. मूल एकाच माणसाकडून भाषा शिकत नाही. आणि तुमच्याकडे जे आहे ते ध्वनिमुद्रणाकडे नाही, ते पुढच्या भागात येतं.

व्हिडिओ लावून दिला तर चालणार नाही का?

पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन ऐकवली गेली. एका गटाला प्रत्यक्ष माणसं भेटली, त्यांच्याशी खेळली, पुस्तकं दाखवत बोलली. दुसऱ्या गटाला तोच मजकूर पडद्यावर दिसला. प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेली बाळं मँडरिनचे आवाज ओळखायला शिकली, पडद्यासमोरची नाही. चार वर्षांच्या मुलाला पडद्यावरून थोडं अधिक मिळतं हे मान्य, पण पडदा ‘थ्री बॅग्ज…’ म्हणून थांबत नाही, मुलाच्या चुकीच्या शब्दाला प्रतिसाद देत नाही, पिशवी त्याच्या हातात ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढे बसून राहण्याची कमाल मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, कमी असेल तितकं चांगलं. व्हिडिओ लावलाच, तर शेजारी बसून बरोबर म्हणा.

गाण्याऐवजी नुसतं वाचून का नाही?

चाल असली की लक्षात राहतं, हा सर्वांचा अनुभव. एडिंबरामधल्या संशोधकांनी साठ प्रौढांना हंगेरियन वाक्यं शिकवून तो तपासला, निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ऐकलेली वाक्यं गाऊन म्हणणाऱ्यांना ती नंतर अधिक चांगली म्हणता आली. नुसतं बोलून किंवा ठेक्यात म्हणणारे मागे राहिले. शिवाय एकच गोष्ट पन्नास वेळा म्हणायला लहान मूल गाण्याखेरीज कुठे तयार होतं?

उशीर झाला तर? आणि मराठीचं काय?

‘लहान वयातच नाही शिकलं तर संपलं’ ही भीती अवास्तव आहे. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांच्या १९७८च्या एका अभ्यासात डच भाषेत सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं, तीन-चार वर्षांची नव्हेत. लहान वयाचा फायदा उच्चार आणि तालात जास्त दिसतो, व्याकरण मोठी मुलं भराभर उचलतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या हाती व्याकरणाची वही देण्यापेक्षा त्याच्या वयाला जे सहज जमतं ते द्यावं.

ध्वनिभान एका भाषेत तयार झालं की दुसऱ्या भाषेत कामाला येतं. ज्या मुलाला मराठीत यमक जुळवायची खोड आहे, त्याला ‘वूल-फुल’ जुळवायला वेळ लागत नाही. घरात मराठी बडबडगीतं आणि गोष्टी भरपूर असतील तर इंग्रजीची दोन-चार गाणी त्यावर सहज तरतात. मराठी बंद करून इंग्रजी सुरू केलं, तर मुलाला ‘शीप’ म्हणजे काय हे समजावायला आधाराचा शब्दच उरत नाही. ‘मेंढी’ आधी माहीत हवी, तिची लोकर हाताला लागलेली हवी.

आता सुरुवातीच्या त्या प्रश्नाबद्दल. “शीप म्हणजे काय?” असं विचारून मुलाची परीक्षा घेऊ नका, त्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी चार पिशव्या समोर ठेवा, गाणं सुरू करा आणि ‘येस सर, येस सर’नंतर थांबा. मूल ‘थ्री’ म्हणालं, तर गाणं अजून अखंड आहे, आणखी काही दिवस खेळा. पिशव्यांकडे बघून ते अडखळलं आणि ‘फोर’ म्हणालं, तर दुसरं गाणं शोधायला हरकत नाही. शक्यतो असं शोधा ज्यात प्रश्न ‘व्हेअर’ने सुरू होतो.